मास्तरांचा दम

"आज परत पिलो, भाऊ," मास्तर म्हणाले.

कालव्याच्या कडेनं आम्ही चाललो होतो. थंडीचे दिवस. पाण्यावरून धुकं उठत होतं आणि पलीकडच्या उसाचे तुरे त्या धुक्यावर नुसतेच तरंगत होते. खाली ऊस आहे की नाही, ते कळत नव्हतं. मी जागीच थांबलो. दस्तगीर मास्तर आमच्या शेजारी राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला माणूस, एवढं गल्लीला ठाऊक होतं. आता त्यांच्या बायकोला, हसीनाभाभींना, काय सांगायचं या विचारात मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"सपनात हो," ते म्हणाले. "वरात चाललीया. बबन ताशा वाजवतोय. वाजवता वाजवताच त्यानं आडोशानं पेला दिला आन मी घेतला. चव बी लागली जिभंला. जागा झालो तर हातावर फुंकर मारून वास बघितला. न्हाय आला. मग लई बरं वाटलं. आन वाईच वाईट बी वाटलं."

"वाईट कशाचं?"

"पेला सरायच्या आत जाग आली, त्याचं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

मास्तरांची आणि माझी खरी ओळख इथून सुरू झाली. त्यांची ही स्वप्नं मी पुढं दोन वर्षं ऐकली. कधी ते स्वप्नात मंडपामागं प्यायचे, कधी बैलगाडीत, एकदा तर मशिदीच्या हौदाशी नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, ओंजळीत पाण्याऐवजी तेच आलं, म्हणून दिवसभर खाली मान घालून बसले होते. मी ऐकायचो आणि चालायचो. मला नुकतीच साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी चालायला लावलं होतं. एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला. दिवसभर दुधाची फॅट बघायची, तर सकाळी तरी मोकळ्या हवेत जावं, म्हणून बारामतीला लागून असलेल्या जळोचीतल्या आमच्या गल्लीतून कालव्यावर जायचो. मास्तर आपणहून बरोबर यायला लागले. अजून पुरतं उजाडलेलं नसायचं. त्या वेळी कुणीही काहीही सांगितलं तरी ते खरंच वाटतं.

मास्तर मूळचे इंदापूरचे. बँडचे मास्तर. क्लॅरिओनेट वाजवायचे. इंदापूर-बारामतीकडच्या गावांत ज्यांची लग्नं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झाली, त्यांतल्या अनेकांच्या वरातीपुढं लाल कोट घालून मास्तर चाललेले असणार. उंच, काटकुळे, मान लांब. वाजवताना गाल फुगायचे आणि डोळे मिटायचे. मिटल्या डोळ्यांनी ते खड्ड्यांच्या रस्त्यावरून सरळ चालत जायचे, असं जुने लोक सांगतात. वरातीत दारू मागावी लागत नाही. नवरदेवाचे मित्र आणून देतात, चुलते आणून देतात, नाही म्हटलं तर रागावतात. तरुणपणी मास्तर वाजवून झाल्यावर प्यायचे. मग वाजवायच्या आधी. पुढं वरात नसली तरी प्यायचेच.

या सगळ्याचा शेवट अंथुर्णे गावात झाला. वरात मारुतीच्या देवळापाशी आलेली, गाणं निम्म्यावर आलेलं आणि मास्तरांना रक्ताची उलटी झाली. ते गुडघ्यावर बसले तरी मागं ताशा वाजतच होता. "बबनला वाटलं, मी दम घ्यायला थांबलोय," मास्तर सांगायचे. "त्यानं बिचाऱ्यानं ठेका धरून ठिवला माझ्यासाठी. मी उठंन, परत धरंन म्हणून."

दवाखाना झाला, मग केंद्र झालं. लेक रेहाना बारामतीत दिलेली. तिनं हट्टानं आईबापाला जळोचीत आणून ठेवलं, आमच्या भिंतीला भिंत लागून दोन खोल्यांत. इंदापुरात प्रत्येक कोपऱ्यावर एक दोस्त होता आणि प्रत्येक दोस्ताच्या हातात एक पेला. इथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

आले तेव्हा मास्तरांचे गाल वाळत घातलेल्या कापडासारखे लोंबत होते. चहाची कपबशी ते दोन्ही हातांनी धरायचे. पण एक होतं, सकाळी अंघोळ करून, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, केसांना तेल लावून माणूस तयार. कुठं जायचं नसलं तरी तयार. शर्टाच्या खिशात फुटाणे आणि गुळाचा खडा. चालता चालता एकदम तोंडात टाकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "पोट रिकामं झालं की डोकं भरायला लागतंय, भाऊ. आन माझं डोकं एकाच गोष्टीनं भरतंय." माझ्या साखरेमुळं मला गूळ देत नसत. फुटाणे मात्र मोजून अर्धे द्यायचे.

किती दिवस झाले सोडून, असं त्यांना विचारलेलं आवडायचं नाही. "बाकीचे मोजत्यात, त्यांना बरं पडत असंल. मी मोजाय लागलो की मला वाटतं, एवढे झाले, आता बक्षीस पायजे. आन बक्षीस म्हंजे काय, ते तुमाला ठावंच हाय."

त्या पहिल्या हंगामात त्यांची खरी परीक्षा हवेनं घेतली. आपल्या भागात साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की वाऱ्याबरोबर मळीचा, जिची दारू करतात तिचा, वास येतो, आंबूस, गोडसर, कपड्यांना चिकटणारा. आम्ही त्यातच लहानाचे मोठे झालो, आम्हाला तो जाणवतही नाही. मास्तरांना जाणवायचा. वारा फिरला की ते चालता चालता थांबायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि चेहरा असा व्हायचा की कुणीतरी लांबून त्यांना नावानं हाक मारतंय. एकदा तर अर्ध्या वाटेतून माघारी पळाले. मागं वळूनही बघितलं नाही. मी संध्याकाळी गेलो तर दारं-खिडक्या लावून, डोक्यावरून चादर घेऊन बसलेले.

मग एके दिवशी धुकं इतकं दाट होतं की शेजारी चालणारे मास्तर मला पांढऱ्या शर्टाच्या डागासारखे दिसत होते. वास आला. मी थांबलो, ते पळतील म्हणून वाट बघितली. धुक्यातून त्यांचा आवाज आला, "आज थांबून बघू. किती वेळ येतोय बघू." आम्ही उभे राहिलो. पाणी वाहत होतं. कुठंतरी मोटर चालू झाली. वास वाढला, मग पातळ झाला, मग राहिला फक्त ओल्या मातीचा. मास्तर म्हणाले, "गेला. मी हितंच हाय, त्योच गेला." आणि खिशातून फुटाणे काढून मला दिले, त्या दिवशी न मोजता.

दिवेलागणीची वेळ त्यांना सगळ्यांत अवघड जायची. ऊन उतरलं की त्यांचे पाय आपोआप चपला शोधायचे. भाभी बघायच्या. भाभी मुळात कमी बोलणाऱ्या, ठेंगण्या, कामाला वाघीण. त्यांनीच एक दिवस ज्वारीच्या पिठाची परात मास्तरांपुढं सरकवली. माझं मनगट दुखतंय, म्हणाल्या. दुखत-बिखत काही नव्हतं. मास्तरांनी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्यांचे म्हणे इतके तुकडे झाले की दोघांनी त्या दुधात कुस्करूनच खाल्ल्या. पण मास्तर पेटले. पीठ मळायला जोर लागतो, थापायला हात हलका लागतो, आणि तवा तापला की दुसरीकडं लक्ष देऊन चालत नाही. थरथरणाऱ्या हाताला काम मिळालं. महिन्याभरात आमच्या भिंतीतून रोज तिन्हीसांजेला थापण्याचा आवाज यायला लागला. माझी बायको भाजी चिरता चिरता थांबायची. म्हणायची, "ऐका, आज दादरा लावलाय मास्तरांनी." खरोखरच ठेका असायचा त्याला. बाहेर अंधारून येत असायचं, गल्लीतले दिवे एकेक लागत असायचे आणि भिंतीपलीकडून तो मऊ ठेका. वाटायचं, सगळी जळोचीच कुणीतरी हळूहळू थोपटून निजवतंय.

क्लॅरिओनेट मात्र खाटेखाली पेटीत पडून होती. तिला ते हात लावत नसत. "ती ओठाला लागली की मागनं पेला येणारच, असं झालंय. दोघी जुळ्या बहिणी हायत्या," म्हणायचे. डॉक्टरांनी मात्र छाती ऐकून सांगितलं होतं, श्वास वाढवा. फुगे फुगवा म्हणाले. मास्तरांना ते लागलं. "आयुष्यभर क्लारनेट फुकली आन आता फुगं?" उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी ते पेटी काखोटीला मारून आले. कालव्याच्या कठड्यावर बसले, तोंडाशी बसवायची बारीक पत्ती जिभेवर ओली केली, बराच वेळ नुसती तोंडात धरून बसले. मग एक सूर काढला. एकच. फाटका, वारा निघून जाणारा. संपला. थोडं थांबून परत तोच.

त्यानंतर कित्येक दिवस मास्तर रोज तो एकच सूर वाजवायचे. गाणं नाही, दुसरा सूर नाही. मी पुढं चालत जायचो, पार लांबच्या पुलापर्यंत, आणि तो सूर पाण्यावरून माझ्यामागं यायचा. कधी मध्येच तुटायचा, कधी लांबत जायचा. बगळे सुरुवातीला उडायचे, नंतर उडेनासे झाले. धुणं धुवायला येणाऱ्या एका आजीनं विचारलं, "मास्तर, गाणं कवा म्हणायचं?"

"आधी सूर बरा हुंदे, मावशी. आजारी हाय त्यो," मास्तर म्हणाले.

मला आता त्या सकाळी आठवताना वाटतं, त्यांतलं किती मी खरं बघितलं आणि किती अर्धवट झोपेत? पण तो सूर सुधारत गेला, हे खरं. त्याच्याबरोबर मास्तरांचे गाल भरले, पाठ सरळ झाली. झोप यायला लागली. जेवताना चवी कळायला लागल्या. एकदा शेवग्याची शेंग खाऊन ते इतके हरखले की मला बोलवायला आले, शेंगेला वास असतो हे विसरलोच होतो म्हणाले.

आणि मग बबन गेला.

त्यांचा ताशेवाला, तरुणपणापासून सावलीसारखा मागं चालणारा बबन. सकाळी फोन आला. लिव्हरच. मास्तरांनी शर्ट बदलला. भाभी म्हणाल्या, मी येते. ते म्हणाले, नको, मातीला जाऊन दुपारच्या गाडीनं परत येतो. दुपारची गाडी आली, संध्याकाळची आली. फोन बंद. आमच्या भिंतीतून त्या सांजेला आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी माझ्या दारात उभ्या. रडलेल्या नव्हत्या. "भाऊ, रजा मिळंल का एक दिवस?" एवढंच म्हणाल्या. आम्ही एसटीनं इंदापूरला गेलो. भाभींना विचारावं लागलं नाही, त्या सरळ बँडच्या जुन्या खोलीवर गेल्या. आत भिंतीला ढोल टांगलेले, बबनचा ताशा खुंटीला. त्याच्या खाली चटईवर, भिंतीकडं तोंड करून मास्तर पडलेले. खोलीत तोच वास. भाभी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मुडपलेली कॉलर सरळ केली.

"तू कशापायी आलीस?" भिंतीकडं बघतच मास्तर म्हणाले.

"न्यायला आले."

"आता काय ऱ्हायलंय न्यायला?"

भाभी उठल्या. त्यांच्या चपला शोधून त्यांच्या पायापाशी आणून ठेवल्या.

बारामतीत आल्या आल्या रेहानानं त्यांना डॉक्टरांकडं नेलं. औषधं सुरू झाली, केंद्रातल्या समुपदेशक ताईंशी बोलणं झालं. पण मास्तर खोलीतून बाहेर येईनात. शर्ट बदलला नाही, तेल लावलं नाही. सांजेला मी चौकशीला गेलो तेव्हा भाभी त्यांच्यासमोर परात ठेवत होत्या.

"मला न्हाय जमायचं. हात बघ की माझं," मास्तर म्हणाले. हात पहिल्यासारखेच थरथरत होते.

"मग वाकड्या होत्याल. वाकड्या खाऊ."

"हसीना, समदं परत पहिल्यापासनं आलं."

"पहिल्यापासनं न्हाय. पहिल्यांदा तुमाला थापायला कुठं येत होत्या?"

मास्तरांनी बाह्या वर सारल्या. मग पिठात हात घातला. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली. भाभींनी तुकडे उचलून बाजूच्या ताटात ठेवले आणि पुढचा गोळा दिला. मी उंबऱ्यातूनच माघारी आलो. घरी येऊन जेवायला बसलो. भिंतीतून आवाज येत होता, ठेका नव्हता त्याला, पण येत होता. 

दोन-चार दिवसांनी ते कालव्यावर आले. लांबच्या पुलापर्यंत चालले. मग म्हणाले, "सपनातनं जागा हुतो तसा ह्यातनं बी जागा व्हायाचं, भाऊ. दुसरं काय करणार? फक्त ह्यातनं उठाय वेळ लागतोय. आन सपनातलं कुणाला दिसत न्हाय, हे हसीनाला दिसलं."

वर्षभरानं बबनची बायको स्वतः जळोचीला आली. लेकीचं, सुवर्णाचं, लग्न ठरलं होतं. कार्यालय अंथुर्ण्याजवळ. "वरातीला डीजे हाय मास्तर, ते पावण्यांचं काम. पर पाठवणीला तुमी वाजवा. तिच्या बापानं तुमच्या मागं जलम घालवला." मास्तर तिला लगेच हो म्हणाले नाहीत. अंथुर्णं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. ते केंद्रातल्या ताईंशी बोलले, भाभींशी बोलले, दोन सकाळी माझ्याशी बोलले. शेवटी ठरलं की भरपेट जेवून जायचं, बरोबर माणूस न्यायचा, वाजवून झालं की तडक निघायचं. बरोबरचा माणूस म्हणजे मी. माझ्या हातात चहाचा थर्मास.

कार्यालयात पोचलो तर जुने ओळखीचे भेटत होते, मिठ्या मारत होते. बबनच्या वेळचा एक दोस्त कोल्ड्रिंकची बाटली घेऊन आला. रंगावरून आणि त्याच्या हसण्यावरून आत काय मिसळलंय ते कळत होतं. "मास्तर, घसा वला करा. कोरड्या घशानं कशी वाजंल?" मी थर्मासचं झाकण काढायला लागलो. 

"मी दारुडा हाय, राव," मास्तर शांतपणे म्हणाले. "म्हणून नको."

तो मोठ्यांदा हसला. त्याला चेष्टा वाटली. मास्तरांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, तशाच आवाजात, जसं कुणी आपलं गाव सांगावं. तेव्हा त्याचं हसू थांबलं. बाटली त्यानं पाठीमागं धरली. म्हणाला, "व्हय का... बरं." आणि तिथंच उभा राहिला.

मास्तरांनी माझ्याकडून चहा घेतला. कप दातांवर वाजत होता, ते मला एकट्यालाच ऐकू येत असावं.

पाठवणीची वेळ झाली. सुवर्णा आईच्या गळ्यात पडली आणि मास्तरांनी डोळे मिटून क्लॅरिओनेट ओठाला लावली. उतरतं ऊन होतं, मंडपाच्या झालरी वाऱ्यानं हलत होत्या. गाणं कुठलं होतं, मला सांगता येणार नाही. मला फक्त एवढं आठवतं की मध्येच त्यांचा श्वास संपला. ते थांबले. सगळं कार्यालय थांबलं, पोरी, बायका, गाडीचा ड्रायव्हर, सगळे. त्यांनी घाई केली नाही. खांदे वर गेले, खाली आले, छाती भरली आणि जिथं सोडलं होतं तिथून त्यांनी पुन्हा उचललं. सुवर्णा गाडीत बसेपर्यंत वाजवलं. बबनच्या बायकोनं पदर तोंडात धरला होता.

आम्ही जेवायला थांबलो नाही. माझ्या मोटरसायकलवर मागं बसून मास्तर पेटी मांडीवर धरून होते. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये काळा रस्ता, आणि पश्चिमेला लालसर धूळ. बऱ्याच वेळानं माझ्या खांद्याशी त्यांचा आवाज आला.

"मी थांबलो तवा मागं ताशा न्हवता, भाऊ. तरी मला ठेका ऐकाय आला."

नंतर भाभींची आई थकली म्हणून ती दोघं इंदापूरला परत गेली. मला काळजी वाटत होती. मास्तर म्हणाले, "आता तितल्या कोपऱ्यांवर बी बसून बघतो. किती दिवस लपू?" फोन यायचे. फार काही नसायचं त्यात, काय खाल्लं, किती चाललो, आज वाजवली की नाही. लिव्हर मात्र पूर्वीसारखं होणार नव्हतं, ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात मास्तर गेले. भाभींनीच फोन केला. "शुद्धीत व्हते," त्या म्हणाल्या. "पाणी मागितलं. पाणी पिले." आणि थोडं थांबून, "बास," असं म्हणाल्या.

माझी त्यांची शेवटची भेट झाली ती त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. इंदापूरला काम होतं, ते आटोपून घरी गेलो, जेवलो. मास्तर मला स्टँडवर सोडायला आले. अंग उतरलं होतं, डोळ्यांत पिवळेपणा होता, पण शर्ट पांढरा, केसांना तेल. बाहेर पेरू विकणाऱ्या बाईशी त्यांनी पेरू कडक आहे की पिकला यावरून चांगला वाद घातला आणि दोन घेतले. एक माझ्या हातात कोंबला. "साखरंला चालतोय, मी इचारलंय डॉक्टरला," म्हणाले.

गाडी लागली. मी खिडकीशी बसलो आणि हात हलवायला म्हणून बाहेर बघितलं. मास्तर माझ्याकडं बघत नव्हते. स्टँडच्या भिंतीला टेकून एक माणूस बसला होता, गुडघ्यांत डोकं घातलेलं, एका पायात चप्पल, शर्टाची बटणं तुटलेली. लोक त्याला वळसा घालून जात होते. मास्तर त्याच्यापाशी गेले.  आधी जमिनीकडं बघितलं, मग गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, त्या धुळीत त्याच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसले. पेरू दोन्ही हातांनी दाबून फोडला. अर्धा त्याच्या गुडघ्यावर ठेवला, अर्धा स्वतः खायला लागले.

गाडी हलली तेव्हा त्या माणसानं डोकं वर केलं होतं.